पृथ्वीवरचे पाणी कोठून आले, हे कसे पडताळावे

पृथ्वी घडत असताना सूर्यापासून इतक्या जवळच्या अंतरावर बर्फ टिकू शकत नव्हता, म्हणून पाणी धूमकेतूंनीच आणले असावे, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. तो पडताळण्यासाठी आधी हिशेब मांडावा. महासागरांचे वस्तुमान पृथ्वीच्या वस्तुमानाच्या सुमारे 0.023 टक्के इतकेच आहे. तेव्हा जवळजवळ कोरडे वाटणारे खडकही, पुरेशा प्रमाणात जमा झाले तर, एवढे पाणी पुरवू शकतात.

त्यानंतर ड्यूटेरियम, म्हणजेच जड हायड्रोजन, याचे प्रमाण पाहावे; ते पाण्याच्या उगमाची खूण ठरू शकते. महासागराच्या पाण्यात दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे ड्यूटेरियमचे सुमारे 156 अणू असतात, तर सूर्य ज्या वायूतून जन्मला त्यात ते वीसच्या आसपास होते. हॅलेच्या धूमकेतूत 1986 मध्ये हे प्रमाण महासागराच्या साधारण दुप्पट आढळले आणि रोझेटा यानाने 2014 मध्ये तपासलेल्या 67पी धूमकेतूत तिपटीहून अधिक. हार्टली-2 या धूमकेतूचे प्रमाण मात्र महासागराशी जुळते. त्यामुळे सगळ्या धूमकेतूंना एकाच मापाने मोजू नये. कार्बनयुक्त अशनींतील (म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या दगडांतील) पाणीही महासागराच्या जवळ जाते.

परंतु आकडा जुळला म्हणजे उगम सापडला, असे मानू नये. हलका हायड्रोजन अवकाशात लवकर निसटतो व जड मागे राहतो. शुक्रावर हे प्रमाण पृथ्वीच्या शंभर पटींहून अधिक आहे, ते मुख्यतः यामुळेच. शिवाय वायूतील कमी आणि धूमकेतूंतील जास्त प्रमाण मिसळूनही मधला आकडा येऊ शकतो. म्हणून नायट्रोजनच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंची) साक्ष जरूर काढावी: धूमकेतूंत जड नायट्रोजन पृथ्वीच्या जवळपास दुप्पट असतो, आणि तेथे धूमकेतूंचा दावा बराच लंगडा पडतो.

आता सूर्याजवळच्या खडकांकडे वळावे. पृथ्वीच्या घटकद्रव्याशी समस्थानिकांच्या दृष्टीने सर्वांत जुळणाऱ्या एन्स्टॅटाइट कॉन्ड्राइट या प्रकारच्या अशनी कोरड्या समजल्या जात. 2020 मध्ये फ्रान्समधील लॉरेट पियानी आणि सहकाऱ्यांनी त्यांतील हायड्रोजन मोजला, तेव्हा अशा द्रव्यातून किमान तीन महासागरांइतके पाणी मिळू शकते, असे दिसले. घडत्या पृथ्वीच्या वितळलेल्या पृष्ठभागावर हायड्रोजन वायू आणि लोहाचे ऑक्साइड यांच्या अभिक्रियेतूनही पाणी तयार होते, हेही हिशेबात धरावे.

नमुना निवडताना खबरदारी घ्यावी. जमिनीवर वर्षानुवर्षे पडून राहिलेली अशनी पृथ्वीचीच ओल शोषते (आणि मग मोजमाप अर्थातच सुंदर जुळते!), म्हणून पडताना पाहिलेली व लगेच उचललेली अशनी घेऊन तिचा आतला भाग तपासावा. हायाबुसा-2 या जपानी यानाने डिसेंबर 2020 मध्ये र्‍यूगू लघुग्रहावरून बंद कुपीत आणलेले सुमारे 5.4 ग्रॅम द्रव्य याच कारणाने इतके मोलाचे आहे.