जुन्या फोटोतला आरएएफवाला कोण, कुठल्या विमानातला, हे शोधायचं कसं

दुसऱ्या महायुद्धातल्या आरएएफच्या, म्हणजे ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या, एखाद्या एअरमनची माहिती काढायची म्हटलं की बहुतेक जण पहिलं काम काय करतात तर नाव सर्चमध्ये टाकतात, आणि तिथंच गाडी अडते, कारण एकाच आडनावाचे शेकडो लोक निघतात आणि त्यातला आपला कोण ते काही कळत नाही. माझं सांगणं सोपं आहे, आधी विमान शोधा. विमान आणि तारीख हातात आली की त्या दिवशी त्यात कोण कोण बसलं होतं याची नोंद मिळते, मग नाव आपण ताडून बघायचं.

पण सुरुवात फोटोपासूनच करू, कारण बहुतेकांकडे तेवढंच असतं. छातीवर डाव्या खिशाच्या वर बघा. दोन्ही बाजूला पंख असतील तर पायलट. एकच पंख असेल तर त्याच्या टोकाला असलेलं अक्षर वाचा, एन म्हणजे नॅव्हिगेटर, बी म्हणजे बॉम्ब एमर (नेम धरून बॉम्ब टाकणारा), एजी म्हणजे एअर गनर, ई म्हणजे फ्लाइट इंजिनिअर. ओ असेल तर ऑब्झर्व्हर, आणि हा बॅज १९४२ मध्ये बंद होऊन त्याजागी नवे आले, त्यामुळे माणसाचं ट्रेनिंग साधारण कधी झालं याचा अंदाज येतो, पण जुने लोक ओ पुढेही लावत राहिले हे लक्षात ठेवा, नुसत्या त्यावरून फोटोची तारीख ठरवू नका. टोपीच्या पुढच्या बाजूला पांढरी पट्टी दिसली तर तो अजून एअरक्रूचं ट्रेनिंग घेतोय. बाहीवर तीन पट्टे म्हणजे सार्जंट, वर मुकुट असेल तर फ्लाइट सार्जंट. छातीवरच्या रिबनवर पांढरे-जांभळे तिरके पट्टे असतील तर डीएफसी किंवा डीएफएम ही शौर्यपदकं, पहिलं ऑफिसर आणि वॉरंट ऑफिसरांना आणि दुसरं त्याखालच्या रँकना मिळायचं, आणि अशा सन्मानांची घोषणा लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात व्हायची, तिथं शोधता येतं.

आता फोटोत विमान दिसत असेल तर इथं लोक हमखास चुकतात. बाजूला गोल चिन्हाच्या शेजारी जी मोठी अक्षरं असतात ती विमानाची ओळख नाही, ती स्क्वॉड्रनची, म्हणजे विमानांच्या तुकडीची, खूण आणि त्या स्क्वॉड्रनमधलं विमानाचं अक्षर. विमान दुसरीकडे गेलं की अक्षरं बदलायची आणि एखादं विमान पडलं की तेच अक्षर नव्या विमानाला मिळायचं. खरी ओळख म्हणजे शेपटीजवळचा छोटा सीरियल नंबर, तो कायम राहतो. लंडनच्या हेंडनमधल्या आरएएफ म्युझियममध्ये जे लँकॅस्टर बॉम्बर विमान उभं आहे ना, आर५८६८, ते आधी ८३ स्क्वॉड्रनमध्ये ओएल-क्यू होतं आणि नंतर ४६७ स्क्वॉड्रनमध्ये पीओ-एस झालं. नुसती अक्षरं बघून शोधलं असतं तर दोन वेगळी विमानं वाटली असती! आणि युद्धाच्या काळात छापलेल्या फोटोंमध्ये सेन्सॉरने ही अक्षरं पुसलेलीही असतात, त्यामुळे काही दिसलं नाही तर नाराज होऊ नका.

स्क्वॉड्रन कळलं की मग खरी मजा. प्रत्येक स्क्वॉड्रनची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक असायची, लोक तिला ओआरबीच म्हणतात, आणि त्या सगळ्या लंडनजवळच्या क्यूमधल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये एआयआर २७ या मालिकेत आहेत, वेबसाइटवरून डाउनलोड करता येतात. यात दोन प्रकारची पानं असतात. फॉर्म ५४० म्हणजे स्क्वॉड्रनची डायरी, हवामान, बदल्या, कोण आलं कोण गेलं. फॉर्म ५४१ आपल्या कामाचा, त्यात तारीख, विमानाचा प्रकार आणि नंबर, क्रूची नावं, काम काय, उड्डाणाची वेळ आणि उतरल्याची वेळ. परत न आलेल्या विमानाच्या ओळीत उड्डाणाची वेळ असते आणि उतरल्याची जागा रिकामी असते. पहिल्यांदा अशी ओळ बघितली तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलंच नाही.

एक गोष्ट सांभाळा, रात्रीच्या हल्ल्याची तारीख दोन दिवसांत विभागलेली असते. जर्मनीतल्या धरणांवरचा हल्ला १६/१७ मे १९४३ असा लिहितात कारण स्कॅम्प्टनच्या तळावरून ६१७ स्क्वॉड्रनची १९ लँकॅस्टर १६ च्या रात्री निघाली आणि परत आलेली १७ च्या पहाटे उतरली, ८ आलीच नाहीत. त्यामुळे मृत्यूची तारीख एका दिवसाने पुढे मागे दिसली तर माणूस वेगळा आहे असं समजू नका, दोन्ही दिवस तपासा.

माणूस मारला गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर सर्व्हिस नंबर, रँक, स्क्वॉड्रन, दफनभूमी मिळते, बऱ्याचदा आईवडिलांची नावंही. तिथं कलेक्टिव्ह ग्रेव्ह लिहिलेलं असेल तर समजा की क्रूमधल्या लोकांचे अवशेष वेगवेगळे ओळखता आले नाहीत म्हणून त्यांना एकत्र पुरलं. दफनभूमी न दिसता रनीमीड मेमोरियल आणि पॅनेल नंबर दिसला तर कबरच माहीत नाही, अशी २० हजारांहून जास्त नावं तिथल्या भिंतींवर आहेत. बॉम्बर कमांडचा, म्हणजे आरएएफच्या बॉम्बर विमानांच्या विभागाचा, माणूस असेल तर लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरचा लॉसेस डेटाबेस आधी उघडा, एकट्या या कमांडचे ५५,५७३ लोक गेले, आणि त्यातले ८ हजारांवर ट्रेनिंग आणि अपघातांत. म्हणून ओआरबीत नाव नसेल तर ट्रेनिंग युनिट तपासा, त्या नोंदी एआयआर २९ मध्ये असतात पण नावं फार कमी लिहिलेली असतात. एआयआर ८१ मधल्या कॅज्युअल्टी फाइल्स मात्र सोडू नका, घरच्यांशी झालेला पत्रव्यवहार बऱ्याचदा त्यातच असतो. या टप्प्याटप्प्याने खुल्या होतायत.

सर्व्हिस नंबरचीही एक गडबड होते, सार्जंटला कमिशन मिळून तो ऑफिसर झाला की नंबर नवीन, म्हणजे एकाच माणसाचे दोन नंबर. पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड हवा असेल तर ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवरून मागवायचा, संरक्षण मंत्रालयाकडचे रेकॉर्ड्स २०२२ पासून हळूहळू नॅशनल आर्काइव्हजकडे चाललेत, त्यामुळे आधी आपला रेकॉर्ड कुणाकडे आहे ते बघून घ्या. ग्राउंड क्रू म्हणजे फिटर, रिगर, आर्मरर, आणि डब्ल्यूएएएफ या महिलांच्या सहायक हवाई दलातल्या बायका यांच्यासाठी तर हाच खरा रस्ता, कारण फॉर्म ५४१ मध्ये फक्त उडणाऱ्यांची नावं असतात. या लोकांशिवाय एक विमान वर गेलं नसतं आणि त्यांचीच नावं सगळ्यात अवघड सापडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

घरात फ्लाइंग लॉगबुक, म्हणजे त्याची स्वतःची उड्डाणांची नोंदवही, असेल तर नशीबवान आहात. रात्रीची उड्डाणं लाल शाईत असतात. ऑप्स म्हणजे मोहीम, गार्डनिंग म्हणजे समुद्रात सुरुंग टाकणं, निकेल म्हणजे पत्रकं टाकणं, डीएनसीओ म्हणजे काम पूर्ण न करता परत. प्रत्येक नोंद ओआरबीच्या ओळीशी जुळवा, वेळेत पाच दहा मिनिटांचा फरक चालतो.

आणि ती ओळ सापडली की थांबू नका, त्या तारखेपासून एकेक पान मागे जा. पायलट बऱ्याचदा पहिल्यांदा सेकंड डिकी, म्हणजे अनुभव घ्यायला जादाचा पायलट, म्हणून दुसऱ्याच क्रूबरोबर गेलेला दिसतो, मग काही दिवसांनी लँकॅस्टरसारख्या विमानाच्या क्रूची सातही नावं पहिल्यांदा एकत्र येतात. तिथून एक एक मोहीम तारीख, ठिकाण, विमानाच्या नंबरासकट वहीत उतरवा, ३० झाल्या की पहिली टूर पूर्ण व्हायची, आणि सातही नावं प्रत्येक वेळी लिहा, कारण मधेच एखादं नाव बदललेलं दिसतं आणि तो कुठे गेला हा पुढचा शोध तिथून सुरू होतो.