पेनड्राइव्ह ओढून काढताय? या चुका टाळा

कॉपीची पट्टी १०० टक्क्यांवर पोचते, खिडकी मिटते आणि हात आपसूक पेनड्राइव्हकडे जातो. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, म्हणून तीच सवय अंगवळणी पडते. पण पट्टी भरली याचा अर्थ इतकाच की तुमचा डेटा ऑपरेटिंग सिस्टमने ताब्यात घेतला. तो ड्राइव्हवर उतरला असेलच असं नाही.

पट्टीवर विश्वास ठेवणं

पेनड्राइव्ह रॅमपेक्षा कितीतरी मंद असतो. म्हणून सिस्टम लिहायचा डेटा आधी रॅममध्ये ठेवून घेते, प्रोग्रामला ‘झालं’ म्हणून सांगते आणि खरं लेखन मागाहून सवडीने उरकते. लिनक्समध्ये हे ठळक दिसतं. न लिहिलेला डेटा नेहमीच्या सेटिंगनुसार ३० सेकंद जुना झाला की लिहायला घेतला जातो, आणि हे काम करणारा कर्नलचा (सिस्टमच्या गाभ्याचा) भाग दर ५ सेकंदांनी जागा होतो. मोठी व्हिडिओ फाइल असेल तर पट्टी झपकन भरते आणि इजेक्ट (ड्राइव्ह काढण्याआधी तो सिस्टमकडून नीट सोडवून घेणं) मात्र मिनिटभर अडकून राहतं. ते अडकणं म्हणजे बिघाड नाही, खरी कॉपी तेव्हा चाललेली असते. टर्मिनलवर काम करत असाल तर राहिलेलं लेखन उरकायला लावणारी ‘सिंक’ कमांड द्या आणि ती परत येईपर्यंत ड्राइव्हला हात लावू नका.

मधेच ओढलं तर नक्की काय तुटतं? ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीला फाइल सिस्टम म्हणतात, फॅट३२ ही त्यातली एक. फॅट३२ ड्राइव्हवर एक फाइल लिहायची म्हणजे तीन ठिकाणी लिहावं लागतं: खुद्द मजकूर, तो कुठल्या तुकड्यांत पसरलाय याची सारणी (तिच्या सहसा दोन प्रती असतात) आणि फोल्डरमधली नाव-आकाराची ३२ बाइटची नोंद. यातलं एक झालं आणि दुसरं राहिलं की विचित्र प्रकार दिसतात. फाइलचं नाव दिसतं, पण आकार शून्य. किंवा जागा भरलेली दिसते, पण फाइल कुठेच नाही. अशा बेवारस तुकड्यांना विंडोजचं चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) गोळा करून ‘फाउंड डॉट ०००’ या लपलेल्या फोल्डरमध्ये सीएचके एक्स्टेन्शनच्या फाइली बनवून ठेवतं. हरवलेला फोटो कधी कधी तिथेच सापडतो. एक्स्टेन्शन बदलून उघडून पाहायला हरकत नाही.

एनटीएफएस (विंडोजची) आणि ईएक्सटी४ (लिनक्सची) या फाइल सिस्टममध्ये जर्नल असतं, म्हणजे बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवली जाते. त्यामुळे फाइल सिस्टमचा सांगाडा सहसा वाचतो. अर्धवट लिहिलेली फाइल मात्र अर्धवटच राहते. मोठ्या क्षमतेच्या पेनड्राइव्हवर आणि मेमरी कार्डांवर सर्रास असणाऱ्या एक्सफॅटला जर्नल नाहीच.

‘विंडोज १० पासून इजेक्टची गरज उरली नाही’

ही अर्धी खरी बातमी फार पसरली. २०१८ च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण डीफॉल्ट झालं, म्हणजे विंडोज त्या ड्राइव्हसाठी लेखन राखून ठेवत नाही. पण त्या क्षणी लिहिणं चालू असेल तर हे धोरण काही वाचवू शकत नाही, आणि अँटिव्हायरस किंवा बॅकअपचा प्रोग्राम मागच्या मागे काय करतोय ते तुम्हाला दिसत नाही. शिवाय कोणी वेगासाठी ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडलं असेल तर सगळं जुन्यासारखंच. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या डिस्कच्या प्रॉपर्टीज उघडून ‘पॉलिसीज’ टॅब एकदा पाहून घ्या.

‘डिव्हाइस वापरात आहे’ म्हटल्यावर वैतागून ओढणं

कोण वापरतंय ते आधी विचारा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘सिस्टम’ लॉग उघडा आणि कर्नल-पीएनपीची २२५ क्रमांकाची नोंद शोधा. इजेक्ट अडवणाऱ्या प्रोग्रामचं नाव बहुधा तिथे लिहिलेलं असतं. लिनक्सवर ‘एलएसओएफ’ ही कमांड हेच सांगते, आणि बरेचदा दोषी निघतं ते त्याच फोल्डरमध्ये उघडं राहिलेलं आपलंच टर्मिनल. लिनक्समध्ये ड्राइव्ह जोडणं म्हणजे माउंट आणि सोडवणं म्हणजे अनमाउंट. वापर संपायची वाट न पाहता सोडवण्याचा, म्हणजे ‘लेझी अनमाउंट’चा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका. ड्राइव्ह यादीतून गायब होतो, पण उघड्या फाइली बंद होईपर्यंत आत तो जोडलेलाच राहतो. काहीच जमलं नाही तर कॉम्प्युटर शट डाउन करा, मग काढा.

हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करणं) हा मात्र शट डाउन नव्हे. त्या अवस्थेत ड्राइव्ह काढून दुसऱ्या मशीनवर त्यात काही लिहिलं आणि परत आणून लावलं, तर जागी झालेली सिस्टम तिच्या आठवणीतल्या जुन्या चित्रावर काम सुरू करू शकते. फाइल सिस्टमची वाट लावायला एवढं पुरतं.

हात न लावता ड्राइव्ह सुटत असेल तर

मॅकवर ‘डिस्क नीट इजेक्ट केली नाही’ ही सूचना कोणी काही काढलेलं नसतानाही येते. अशा वेळी सॉफ्टवेअरआधी केबल बदलून पाहा, मग हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारं उपकरण). यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि ३.० ने ९०० मिलिअँपिअर द्यावेत असं मानक आहे. वेगळा अडॅप्टर नसलेल्या हबवर एवढ्याच विजेत सगळी उपकरणं भागवली जातात, आणि फिरणाऱ्या हार्ड डिस्कला ती कमी पडते. विंडोज लॅपटॉपवर वीज वाचवण्यासाठी यूएसबी बंद करण्याची सोय (सिलेक्टिव्ह सस्पेंड) बंद करून पाहण्यासारखी आहे.

परत लावल्यावरची घाई

माझ्या मते खरं नुकसान इथेच होतं. ड्राइव्ह अचानक निघाला की ‘नीट बंद झाला नाही’ अशी खूण त्यावर राहून जाते. पुन्हा लावल्यावर विंडोज स्कॅन करायचं का विचारतं, आणि आपण ती खिडकी बंद करून नवीन फाइली टाकायला लागतो. बिघडलेल्या सारणीवर नवं लेखन झालं की जुन्या फाइलींची जागा खाल्ली जाते. लिनक्सवर आणखी एक गंमत होते: जुनं माउंट तसंच लटकत राहिलं तर सिस्टम त्याच ड्राइव्हला एसडीबीऐवजी एसडीसी असं नवं नाव देते आणि जुन्या फोल्डरमध्ये ‘इनपुट/आउटपुट एरर’ मिळत राहते. जुनं अनमाउंट करून नव्याने माउंट करा.

आणि ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असं आलं तर रद्द करा. डेटा मोलाचा असेल तर चेकडिस्कही लगेच चालवू नका. ते फाइल सिस्टम सुसंगत करतं, आणि त्यासाठी तुमच्या फाइलींच्या नोंदी खोडायलाही मागेपुढे पाहत नाही. आधी ‘डीडीरेस्क्यू’ या प्रोग्रामने पूर्ण ड्राइव्हची प्रतिमा (हुबेहूब प्रत) दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग त्या प्रतिमेवर ‘टेस्टडिस्क’ किंवा ‘फोटोरेक’ हे हरवलेला डेटा शोधणारे प्रोग्राम चालवा. ड्राइव्हचा आकार शून्य दाखवत असेल किंवा तो दिसतच नसेल, तर वीज तुटताना आतल्या कंट्रोलरच्याच (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपच्या) नोंदी बिघडल्या असण्याची शक्यता आहे. तिथे ही साधनं चालत नाहीत, काम डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं असतं.