पीसीआरचं मास्टर मिक्स नीट कसं बनवायचं

लॅबमध्ये नवीन टेक्निशियन म्हणून लागलात की पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या भरपूर प्रती बनवायची पद्धत) बहुतेक पहिल्याच आठवड्यात हातात येतो, तर आधी हिशोब कागदावर करा, समजा २० सॅम्पल असतील तर एक पॉझिटिव्ह कंट्रोल आणि एक डीएनए न टाकलेला ब्लँक धरून २२ होतात, पण मास्टर मिक्स (डीएनए सोडून बाकी सगळ्याचं एकत्र मिश्रण) २४ चं बनवा कारण टिपला थोडं थोडं चिकटून शेवटच्या ट्यूबला कमी पडतंच. बफर, प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे), डीएनटीपी (डीएनए बांधायचा कच्चा माल) बर्फावर पूर्ण वितळू द्या, मग हलकं व्हॉर्टेक्स (मशीनवर हलवून मिसळणं) आणि स्पिन (फिरवून थेंब तळाशी आणणं). टॅक एन्झाइम (डीएनएच्या प्रती हेच बनवतं) मात्र सगळ्यात शेवटी! उणे २० अंशांच्या फ्रीझरमधून काढायचं, लगेच परत ठेवायचं, व्हॉर्टेक्स अजिबात नाही, आणि ते ग्लिसरॉलमुळे दाट असतं म्हणून पिपेटचं बटण सावकाश सोडा. प्रत्येक ट्यूबला २३ मायक्रोलिटर मिक्स, त्यात २ मायक्रोलिटर डीएनए, दर सॅम्पलला नवी फिल्टर टिप.

शेवटी जेलवर (डीएनए पट्ट्यांच्या रूपात दिसतं ती चकती) तपासताना ब्लँकमध्ये बँड, म्हणजे डीएनएची पट्टी, दिसला तर बाकीचं जेल कितीही छान असू दे, सगळा रन बाद, कुणीही घाई केली तरी. माझा एकदा अख्खा आठवडा असा गेला, मिक्समध्ये घालायचं पाणीच कंटॅमिनेट झालं होतं, म्हणजे त्यात बाहेरचं डीएनए गेलं होतं, तेव्हापासून मी पाणी छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवते. आणि जेलच्या टेबलावरचे ग्लोव्हज घालून मिक्सच्या जागेत कधीच येऊ नका.