अलास्काला निघालात? बंदुकीचं विचारण्याआधी

दर जानेवारीत मी महिनाभर पुण्याला येते. मी राहते त्या अलास्कातल्या अँकरेजमध्ये तेव्हा सकाळचे दहा वाजले तरी उजाडत नाही, आणि आईचं वय झालंय. कोथरूडच्या घरी या दिवसांत अलास्काला निघालेली दोन-तीन मुलं हमखास चहाला येतात. यंदा एक नर्स होती, एक पीएच.डी.साठी निघालेला मुलगा आणि एक इंजिनियर जोडपं. थंडीच्या कपड्यांचं बोलून झालं की आवाज जरा खाली येतो आणि प्रश्न येतो, "मावशी, अस्वलासाठी कुठली बंदूक घ्यायची?"

प्रश्न रास्त आहे. अलास्कात तपकिरी अस्वलंच तीस हजारांच्या आसपास आहेत, काळी त्याहून कितीतरी जास्त. अँकरेज हे नावाला शहर आहे. उन्हाळ्यात कॅम्पबेल क्रीकमध्ये सामन मासे चढले की त्यांच्यामागे अस्वलं येतात, आणि त्याच ओढ्याच्या काठानं आपण सायकली फिरवत असतो. आपण पुण्याची माणसं. अस्वल पाहिलेलं असतं ते कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात, आणि बंदूक हाताळली असलीच तर कॉलेजात एनसीसीची पॉइंट टू-टू. खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना असला, तरी काडतूस हातात घेतलेला पुणेकर विरळाच.

तर आधी तुमच्या व्हिसाचं बोलू. तुम्ही एच-वन-बी, एफ-वन, जे-वन किंवा एल-वन अशा नोकरी-शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर जात असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं तुम्हाला बंदूक बाळगता येत नाही. काडतूससुद्धा नाही. दुकानातून विकत घेणं तर सोडाच, मित्राची बंदूक 'जरा धरून बघ' म्हणून हातात घेतली तरी तो ताबा धरला जाऊ शकतो. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा पंधरा वर्षांची आहे, आणि पुढे ग्रीन कार्डाचा रस्ता बंद होईल तो वेगळाच. अलास्कात एकवीस वर्षांवरच्या माणसाला बंदूक बाळगायला राज्याचा परवाना लागत नाही, हे ऐकून आपली मुलं फसतात. राज्याचा कायदा ढिला असला तरी केंद्राचा तुमच्या मानेवर असतोच. शिकारीचा वैध परवाना असेल तर एक अपवाद आहे. पण तो इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय वापरू नका. ऑफिसातला सहकारी कितीही भला असला तरी त्याच्या शब्दावर तर मुळीच नको.

मग काय घ्यायचं? बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा. हे मी बंदुकीच्या बदल्यात समाधान मानायला सांगत नाही. ग्रीन कार्ड मिळून इतकी वर्षं झाली, घरात बंदूक आहे, तरी माझ्या पट्ट्याला स्प्रेच असतो. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो या अस्वलांच्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या स्प्रेच्या घटना तपासल्या. स्प्रे जवळ असलेल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांना काही इजा झाली नव्हती. याच मंडळींनी नंतर बंदुकीच्या २६९ घटना तपासल्या. ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांच्याजवळ ती नुसतीच होती, त्यांच्या दुखापतींत फरक दिसला नाही. दोन अभ्यासांतल्या घटना सारख्या नाहीत, म्हणून आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करू नका. पण कारण समजून घ्या. तपकिरी अस्वल ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरनं धावतं. तीस मीटरवरून निघालं तर दोन सेकंदांत अंगावर. तेवढ्यात खांद्यावरची रायफल काढायची, खटका सारायचा आणि हलत्या डोक्याखाली नेम धरायचा. स्प्रेला नेम लागत नाही, मिरचीचा ढग समोर उभा राहतो.

डबा 'बेअर स्प्रे' असंच लिहिलेला, निदान २२५ ग्रॅमचा घ्या. माणसांसाठीचा पर्समधला पेपर स्प्रे चालत नाही. बेअर स्प्रे विमानात ना केबिनमध्ये चालतो, ना सामानात, म्हणून पुण्याहून किंवा सिएटलहून नेऊ नका. अँकरेजला उतरून घ्या. मुदत संपल्याची तारीख पाहा. आणि डासांच्या औषधासारखा अंगाला किंवा तंबूला फवारू नका. तो वास उलट अस्वलांना ओढून आणतो.

एक माझ्या हातून झालेली चूक सांगते. पुण्याहून पाहुणे आले होते, ईगल रिव्हरच्या बाजूला फिरायला गेलो. पुरणपोळीचे डबे आत बसावेत म्हणून मी स्प्रे पिशवीच्या तळाशी ढकलला. वळणावर पिल्लासकट काळी अस्वलीण. चाळीस पावलांवर. मी पाहुण्यांना एकत्र उभं केलं, मोठ्यानं मराठीतच बोलत राहिले आणि सगळे हळूहळू मागे सरकलो. ती निघून गेली. स्प्रे हातात आला तेव्हा सगळं संपलेलं होतं, आणि माझे हात थरथरत होते. तेव्हापासून तो छातीवरच्या किंवा कमरेच्या पट्ट्यात असतो.

आता ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि रानात काम आहे, त्यांच्यासाठी. लांब नळीची बंदूक पिस्तुलापेक्षा बरी. बारा बोअरची पंप शॉटगन स्वस्त आणि भरवशाची. पण तिच्यात स्लग, म्हणजे एकाच जड गोळीचं काडतूस हवं. छर्ऱ्याची काडतुसं नकोत, अस्वलाच्या स्नायूंत छर्रे उथळच राहतात. रायफल घ्यायची तर थर्टी-ऑट-सिक्स पुरते, २२० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जड गोळीसह. थ्री-थर्टी-एट किंवा थ्री-सेव्हंटी-फाइव्ह मॅग्नम जास्त ताकदीच्या, पण त्यांचा धक्का इतका की नवखा माणूस सराव टाळतो, आणि सरावाशिवाय ती ताकद कोणाच्या कामाची? पिस्तुलांत लोक फॉर्टी-फोर मॅग्नम रिव्हॉल्वर किंवा टेन मिलीमीटर घेतात. त्यात कडक शिशाची, चपट्या नाकाची जड गोळी लागते. माणसांपासून बचावासाठी विकतात ती पोकळ टोकाची गोळी लवकर पसरते आणि हाडापर्यंत पोचत नाही. शॉटगन असो की पिस्तूल, ज्या काडतुसाचा भरवसा धरायचा, त्याचाच नेमबाजीच्या रेंजवर सराव करा.

स्वसंरक्षणात अस्वल मारलंच तर ते तुमचं होत नाही. राज्याच्या वन्यजीव खात्याला ताबडतोब कळवायचं, नखांसकट कातडं आणि कवटी त्यांच्याकडे जमा करायची आणि पंधरा दिवसांत लेखी अहवाल द्यायचा. अंगणात खरकटं टाकून तुम्हीच त्याला बोलावलं असेल, तर बचावाचं कारण ऐकून घेतलं जात नाही. म्हणून कचऱ्याचा डबा गॅरेजमध्ये ठेवा, गाडी येण्याच्या सकाळीच बाहेर काढा. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत पाखरांचे दाणे टांगू नका. तळणीचं तेल मागच्या अंगणात ओतायची सवय असेल तर ती इथेच सोडून जा.

अस्वल समोर आलं तर पळायचं नाही. तपकिरी अस्वलानं धरलंच तर पालथं पडून मानेवर हात गुंफायचे आणि निपचित राहायचं. काळ्याशी मात्र जिवाच्या आकांतानं लढायचं.

यंदाच्या त्या नर्स मुलीला मी एक मिरची नसलेला सरावाचा डबा देणार आहे. मे महिन्यात ती उतरली की पहिल्या रविवारी आमच्या आवारात पट्ट्यातून काढून फवारायचा सराव करू, डोळे मिटूनही काढता येईपर्यंत.