‘ग्रँडस्टँड’ वापरताना या चुका टाळा

शिकवणीला येणारी मुलं असोत की मंडळाच्या कार्यक्रमाचं इंग्रजी निवेदन लिहिणारी हौशी मंडळी, ‘ग्रँडस्टँड’ या शब्दापाशी सगळे एकाच जागी घसरतात. शब्दाचे दोन तुकडे करायचे, ‘ग्रँड’ म्हणजे भव्य, ‘स्टँड’ म्हणजे उभं राहणं किंवा भूमिका, आणि दोन्ही जोडले की झाला अर्थ. एवढी घाई असेल तर हा शब्द वापरूच नये.

मुळात ही बसायची जागा आहे. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरची मुख्य बैठक: चढत्या पायऱ्या, वर छप्पर, समोर शर्यत संपते ती रेषा. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या रेसकोर्सवर जॉन कार या वास्तुकारानं १७५०च्या दशकात असा ग्रँडस्टँड बांधला. आपल्याकडे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा ग्रँडस्टँड आहेच. इथे ‘ग्रँड’ म्हणजे मुख्य. बिलाच्या तळाशी ‘ग्रँड टोटल’ लिहितात, तेव्हा ती बेरीज भव्य आहे असं कुणी समजत नाही. आणि अख्ख्या मैदानाला ग्रँडस्टँड म्हणू नका. आमच्या सोलापूरचं पार्क स्टेडियम हे स्टेडियम. त्यातली छपराखालची मुख्य बैठक तेवढी ग्रँडस्टँड.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. हल्ली आपण मराठीतही सर्रास ‘स्टँड घेतला’ म्हणतो. तोच स्टँड मोठा करायला लोक पुढे ‘ग्रँड’ चिकटवतात.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका संस्थेनं परदेशात स्थायिक झालेल्या एका पाहुण्यांचा सत्कार ठेवला होता. यंत्रमाग कामगारांच्या मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी सढळ हातानं मदत केली होती. मानपत्राच्या मराठी मसुद्यात साधं, सरळ वाक्य होतं: ‘कामगारांच्या मुलांसाठी ते नेहमी ठामपणे उभे राहिले.’ इंग्रजी करणाऱ्यानं लिहिलं, ‘ही हॅज ऑलवेज ग्रँडस्टँडेड फॉर वर्कर्स चिल्ड्रन.’ म्हणजे काय, तर कामगारांच्या मुलांच्या नावावर यांनी कायम चमकोगिरी केली! छापून, काचेच्या फ्रेममध्ये बसवून, सोलापुरी चादरीशेजारी ते टेबलावर मांडूनही झालं होतं. माझ्या नजरेस पडलं तेव्हा पाहुणे स्टेशनवरून निघाले होते. फ्रेमच्या मागचे बारीक खिळे उपसले, पुठ्ठा काढला आणि एका ओळीसाठी सबंध कागद पुन्हा छापून आणायला एका कार्यकर्त्याला नवी पेठेत पिटाळलं. कार्यक्रम उशिरा सुरू झाला. त्यातही ‘अहो सर, एक शब्द तर आहे, कोण एवढं वाचतंय?’ असं म्हणणारे निघालेच. ज्याचा सत्कार करायचा तो माणूस ती फ्रेम घरी नेऊन भिंतीवर लावणार असतो. तो वाचणार, त्याच्या घरी येणारे वाचणार. तिथे ‘स्टुड बाय’ हे दोन सोपे शब्द पुरेसे होते. भूमिकाच सांगायची असेल तर ‘टुक अ फर्म स्टँड’.

क्रियापद म्हणून ‘ग्रँडस्टँड’ कधीही कौतुकाचं नसतं, हे पक्कं ध्यानात ठेवा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसबॉलमध्ये ‘ग्रँडस्टँड प्ले’ म्हणू लागले. सोपा झेल उगाच सूर मारून घ्यायचा, का, तर बैठकीतल्या लोकांनी टाळ्या वाजवाव्यात. आपल्याकडे क्रिकेट खेळणारी पोरं यालाच ‘गॅलरी शो’ म्हणतात. खेळातून हा शब्द राजकारणात गेला. सभागृहात कॅमेऱ्याकडे बघून ओरडणारा, पण समितीच्या बैठकीला दांडी मारणारा नेता म्हणजे ‘ग्रँडस्टँडर’. मराठीत चमकोगिरी, देखावा, स्टंटबाजी यांतला प्रसंगाला साजेल तो शब्द घ्या. ‘फुशारकी’ नको, फुशारकी तोंडानं मारतात, ग्रँडस्टँडिंग कृतीतूनही होतं.

दुसरी चूक भूतकाळाची. हुशार मुलं हमखास इथे अडकतात, म्हणून मला तिचं जास्त वाईट वाटतं. ‘स्टँड’चं ‘स्टुड’, ‘अंडरस्टँड’चं ‘अंडरस्टुड’, म्हणून ‘ग्रँडस्टँड’चं ‘ग्रँडस्टुड’. नाही. रूप आहे ‘ग्रँडस्टँडेड’. कारण हे क्रियापद ‘उभं राहणं’ या क्रियापदापासून आलेलंच नाही. आधी बैठकीचं नाव होतं, त्या नामाचं पुढे क्रियापद झालं, आणि नामापासून झालेलं क्रियापद इंग्रजीत सहसा साधं ‘-एड’ लावूनच चालतं. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना एवढं कारण ऐकायचाही धीर नसतो. ‘सर, फक्त उत्तर सांगा.’ उत्तर पाठ होतं, पुढच्या महिन्यात विसरतं, आणि पेपरात ‘ग्रँडस्टुड’ उमटतं.

‘ग्रँडस्टँड व्ह्यू’ला बैठक असावीच लागते असं नाही. सोलापुरात सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम जवळच्या एखाद्या गच्चीवरून मोकळं दिसलं, तर तो ग्रँडस्टँड व्ह्यू. इथे शब्दाला कसलाही वाईट वास नाही.

‘ग्रँडस्टँड फिनिश’ म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत रंगलेला, चुरशीचा शेवट. एका मुलानं फोनवरून भाषांतर करून आणलं होतं: ‘ग्रँडस्टँडचे काम पूर्ण झाले.’ क्रिकेटच्या बातमीत बांधकाम कुठून आलं, हा प्रश्नही त्याला पडला नाही. फोन वापरू नका असं मी म्हणत नाही. आलेलं वाक्य निदान एकदा मोठ्यानं वाचा.

मी स्वतः वहीत सुटा शब्द कधी उतरवत नाही, पूर्ण वाक्य उतरवतो आणि शेजारी लिहितो: बघणारे कोण, आणि हा माणूस त्यांच्यासाठी काय करतोय? बघणारे नुसते बसलेत, तर जागा. त्यांना छान दिसतंय, तर ‘व्ह्यू’. त्यांच्या टाळ्यांसाठी कुणी काही करतंय, तर दोष. अर्थांची यादी पाठ करणाऱ्यांपेक्षा असं करणारी मुलं हळू शिकतात, पण चुकत नाहीत.

बातमीचं भाषांतर करणाऱ्यांना एक सांगणं: ‘ग्रँडस्टँडिंग’ हा बहुतेक वेळा कुणीतरी कुणावर केलेला आरोप असतो. म्हणून ‘मंत्र्यांनी चमकोगिरी केली’ असं स्वतःच्या तोंडानं लिहू नका. ‘केल्याचा आरोप विरोधकांनी केला’ असं लिहा. आणि शब्द जोडूनच लिहा. मध्ये जागा सोडली की वाचणारा पुन्हा त्याच भव्य भूमिकेकडे वळतो.