बोअरच्या पाण्यातलं लोह कार्बन डॉट्सनं कसं मोजावं

सावंतवाडीला आमच्या घरची बोअर जांभ्यातली. पाणी बादलीत पडतं तेव्हा नितळ, सकाळी तळाशी तांबूस गाळ. त्या पाण्याचा चहा काळा पडतो म्हणून आई कुरकुरते. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी तेच पाणी घेतलं.

कार्बन डॉट्स म्हणजे यूव्ही उजेडात चमकणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण. ते बनवणं सोपं. १.०५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड १० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. त्यात ०.३३५ मिली इथिलीनडायअमाइन घाला, तेही फ्यूम हुडमध्येच, कारण धूर डोळ्यांना झोंबतो. टेफ्लॉनच्या भांड्याचा ऑटोक्लेव्ह (दाब सहन करणारं पोलादी भांडं) घट्ट बंद करून २०० अंशांवर ५ तास ठेवा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका. काकवीच्या रंगाचं द्रावण निघेल. डायलिसिस करून, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीतून उरलेली रसायनं बाहेर जाऊ देऊन, ते इतकं पातळ करा, की साध्या उजेडात पाण्यासारखं दिसेल आणि यूव्ही टॉर्चखाली निळं पेटेल. फेरिक (Fe³⁺) लोह आलं की हा निळा मंदावतो. आपण मोजायचं ते हे मंदावणं.

खरा त्रास देतं ते लोहच. माझी पहिली स्टँडर्ड द्रावणं, म्हणजे तुलनेसाठी ठाऊक प्रमाणात लोह घातलेली, मी साध्या डिस्टिल्ड पाण्यात केली. दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी पिवळट साका, आणि आलेख कसाही नाचतोय. आठवडा वाया. लोहाची द्रावणं आम्लातच करा. नमुन्याच्या बाटलीतही बोअरवरच नायट्रिक ॲसिडचे थेंब टाका. जमिनीखालचं लोह बहुतेक फेरस (Fe²⁺) असतं. ते हायड्रोजन पेरॉक्साइडनं फेरिक करून घ्या आणि उरलेलं पेरॉक्साइड उकळून घालवा, नाहीतर ते डॉट्सनाच खातं. आम्लानंही चमक थोडी उतरते, म्हणून ब्लँक (लोह न घातलेलं द्रावण), स्टँडर्ड, नमुना, सगळ्यांचा पीएच एकच ठेवा. मी ३ ठेवते.

चमक फ्लुओरिमीटरवर मोजा. त्यात नमुना ठेवायची छोटी चौकोनी नळी, म्हणजे क्युव्हेट, चारही बाजूंनी पारदर्शक हवी. ३५० नॅनोमीटरच्या उजेडानं उत्तेजन द्या, चमकेचं शिखर ४४५च्या आसपास येईल. ३९७ला दिसणारा उंचवटा पाण्याचा रामन, म्हणजे पाण्यानंच विखुरलेला उजेड, त्याला भुलू नका. ब्लँकची तीव्रता भागिले नमुन्याची, हे लोहाच्या प्रमाणासमोर मांडलं की सरळ रेष मिळते. पिण्याच्या पाण्यातल्या लोहाची भारतीय मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण १८ मायक्रोमोलर. स्टँडर्ड या आकड्याच्या दोन्ही बाजूंना हवीत.

तांबं आणि पाराही चमक विझवतात, ते वेगळे तपासा. पाणी पिवळसर असेल, तर ते स्वतःच यूव्ही गिळतं आणि लोह उगाच जास्त दिसतं. अशा वेळी त्याच नमुन्यात ठरावीक लोह वरून घालून पुन्हा मोजा. घातलं तेवढं परत हाती आलं नाही, तर तो आकडा वहीत लिहू नका.