एडिंबरा फ्रिंजला चावट कार्यक्रम नेताना

स्कॉटलंडच्या राजधानीत ऑगस्टात भरणाऱ्या एडिंबरा फ्रिंज या खुल्या कलामहोत्सवात तासाभराचा चावट कार्यक्रम लावायचा असेल, तर तयारीला आदल्या वर्षीच्या दिवाळीचा फराळ संपायच्या आत लागा. तिथं निवड समिती वगैरे काही नसते. 1947 साली एडिंबरा आंतरराष्ट्रीय महोत्सवाचं आमंत्रण नसताना आठ नाट्यसंस्था तिथं थडकल्या, आपापल्या जागा शोधून त्यांनी प्रयोग लावले आणि फ्रिंज सुरू झाला. रीत अजून तीच आहे. जागा मिळवा, नोंदणीचे पैसे भरा, उभे राहा.

म्हणून आधी जागा. प्लेझन्स, अंडरबेली, गिल्डेड बलून ही मोठी नावं आहेत आणि तिथलं आर्थिक गणितही मोठं आहे. पहिल्या खेपेला फ्री फ्रिंजकडे बघा, असं माझं मत. पीटर बकली हिल यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत तुम्हाला भाडं नाही आणि प्रेक्षकाला तिकीट नाही. शेवटी दारात पैशांसाठी बादली धरायची. जागा म्हणजे बहुधा पबची मागची खोली किंवा तळघर. ईमेलमध्ये प्रश्न स्पष्ट विचारा. माइक आहे का, खुर्च्या किती, बारचं दार बंद होतं का, शेजारच्या खोलीत त्या वेळी बँड तर नाही ना, आणि स्वच्छतागृहाकडे जायची वाट रंगमंचावरून तर जात नाही ना. चावट वाक्य निम्मं पुटपुटून टाकायचं असतं. नेमक्या त्या क्षणी भिंतीपलीकडे ग्लास विसळायचं मशीन घरघरलं, तर पंच गेलाच. किल्ल्यावरच्या मिलिटरी टॅटूचे, म्हणजे लष्करी बँडच्या सोहळ्याचे, फटाकेही रात्री वाजतात. जागा जवळ असेल तर त्यावर एक ओळ तयार ठेवा.

वेळ रात्री साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान सुरू होणारी मागा. सात वाजता लोक जेवणाच्या घाईत असतात, आणि शनिवारी बारानंतर लग्नाआधीची पार्टी करणारं टोळकं समोर येतं, त्याला तुमच्यापेक्षा स्वतःचाच आवाज जास्त आवडतो.

नोंदणीत विभाग निवडताना ‘स्पोकन वर्ड’ की ‘कॉमेडी’ हा घोळ होतो. कॉमेडीच्या पानांवर गर्दी एवढी की नवं नाव बुडतं. तुमच्या कार्यक्रमात कविता, किस्से, यमकं असतील तर सरळ स्पोकन वर्डमध्ये जा. वयोमर्यादा 18 लिहा. शिवराळ भाषा, लैंगिक विषय, जे असेल ते इशाऱ्यात मोकळेपणानं नोंदवा. इशारा वाचून जो येतो तो हसायच्या तयारीनं येतो. न वाचता आलेला दहाव्या मिनिटाला उठतो आणि त्या छोट्या खोलीत त्याचं उठणं सगळ्यांना दिसतं.

आता संहिता. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. ब्रिटनमध्ये 1968 च्या थिएटर्स ॲक्टनं नाटकाची संहिता आधी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यायची सक्ती काढून टाकली. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची सवय असलेल्या आपल्या माणसाला तिथं एकदम मोकाट वाटतं, आणि मग तो पहिल्याच मिनिटाला सगळे अवयव मांडून बसतो. कात्री लावणारं कुणी नाही म्हटल्यावर ती आपणच लावायची. तमाशाचा क्रम आठवा. आधी गण, मग गवळण, मावशी कृष्णाची खोड काढते, लोक सैलावतात, आणि त्यानंतर सोंगाड्या खरा वात्रटपणा करतो. तसंच पहिली पाच-सात मिनिटं एकही उघडा शब्द नको. श्रोत्यालाच मनात तो पुरा करू द्या. प्रत्येक विनोदापुढे पेन्सिलीनं लिहा, हसं कुणाचं होतंय. बायको, सासू, जाड माणूस असं उत्तर आलं तर खोडा. स्वतःचं होत असेल तर ठेवा. भारतीय माणूस शृंगारावर बोलणार म्हटल्यावर लोक जे दोन-तीन विनोद मनात धरून येतात, ते सुरुवातीलाच उरकून टाका.

लांबी पन्नास मिनिटं. तासातली उरलेली मिनिटं लोकांच्या आत येण्यात, बाहेर जाण्यात आणि हशात जातात. बादलीचं भाषणही संहितेतच लिहा, ऐनवेळी पैसे मागताना भलेभले अडखळतात. गावाशी नातं दाखवणारी एक जागा हवीच. रॉबर्ट बर्न्स, स्कॉटलंडचा लाडका कवी, हाय स्ट्रीटलगतच्या अँकर क्लोजमधल्या मंडळात आपल्या मित्रांसाठी चावट गाणी पुरवायचा. त्यांचा संग्रह 1799 मध्ये, तो गेल्यावर तीन वर्षांनी छापला गेला. तिथून चार पावलांवर तुमचा प्रयोग असताना हे न वापरणं म्हणजे करंटेपणा.

जाण्यापूर्वी अनोळखी लोकांसमोर निदान काही प्रयोग करा. मित्र प्रेमानं हसतात.

पत्रकांचं चित्र सभ्य ठेवा. रॉयल माइल या जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्यावर ती वाटताना समोरून बाबागाडी येतेच. लहान मुलं सोबत असलेल्यांना हात पुढे करूच नका. कार्यक्रमाच्या तासभर आधी जागेच्या आसपास दोघं-दोघं रेंगाळणारे गाठा आणि एकच वाक्य बोला. चांगलं परीक्षण आलं तर तारे छापलेली चिठ्ठी प्रत्येक पत्रकाला टाचायची असते, म्हणून स्टेपलर आणि भरपूर पिना घ्या. प्लास्टिकची पिशवी, चिकटपट्टी, तीन चौकोनी पिनांचा ॲडॉप्टर, संहितेच्या दोन प्रती, बादली आणि कार्डानं पैसे घेणारं यंत्र, कारण रोख कुणाकडे नसते. रेनकोट आणि दगडी रस्त्यांवर टिकणारे बूट. घसा जपा. तळघरातली ओल आणि रोजची बडबड यांनी दुसऱ्या आठवड्यात आवाज बसतो, तेव्हा मधे एक-दोन सुट्ट्या आधीच धरून ठेवा.

राहायची सोय प्रयोगाइतकीच लवकर. ग्लासगोत स्वस्त पडेल आणि रेल्वेनं तासाभरात पोचता येईल, पण प्रयोग अकराला संपणार असेल तर शेवटची गाडी बघूनच ठरवा. व्हिसासाठी ब्रिटनची ‘परमिट फ्री’ महोत्सवांची, म्हणजे जिथं प्रयोग करायला कामाचा वेगळा परवाना लागत नाही अशांची, यादी असते, फ्रिंज त्यात असतो. त्या वर्षीची यादी तपासा आणि प्रवासाच्या तीन महिने आधी अर्ज करता येतो तो लगेच करा.

शेवटचं काम तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ‘आपला माणूस आलाय’ म्हटलं की लोक आजीला आणि शाळकरी पोरांना घेऊन निघतात. म्हणून निमंत्रणाच्या पहिल्याच ओळीत ‘फक्त प्रौढांसाठी’ लिहा, आणि एखाद्या काकूंनी फोन करून ‘म्हणजे नेमकं काय रे?’ विचारलं तर नेमकंच सांगा. काका-काकू तरीही येतील. त्यांना तिसऱ्या रांगेत बसवा, पहिल्या रांगेत नको.